फुंकरीतला एनओ (नायट्रिक ऑक्साइड वायू) कमी म्हणजे फुप्फुसात कमीच का?

ताई, तुम्ही म्हणताय दम्यासाठी करतात त्या फुंकरीच्या टेस्टमध्ये नायट्रिक ऑक्साइड कमी आला म्हणजे फुप्फुसात तो तयारच कमी होतो, पण तसं नसतं हो, खालच्या बारीक वायुकोशांतला बराचसा तर रक्तातलं हिमोग्लोबिनच गिळून टाकतं. प्राण्यांच्या फुप्फुसांत रक्ताऐवजी नुसतं सलाइनसारखं द्रावण फिरवलं की बाहेर येणारा एनओ वाढतो, आणि फुप्फुस जास्त ताणलं तरी वाढतो. शिवाय फुंकायचा वेग! जोरात फुंकलं की आकडा खाली, म्हणून तर सेकंदाला ५० मिली ठरवलंय. आमच्या मुलाची फोंड्याला टेस्ट केली तेव्हा तो चतुर्थीची समई विझवल्यासारखा फुंकत होता, तीनदा परत करायला लावली. आणि हो, स्पायरोमेट्री (जोरात फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजायची चाचणी) या टेस्टच्या नंतर करा, आधी केली तर एनओचा आकडा कमी येऊ शकतो.