वृद्धाश्रमातील ज्येष्ठांचे ऐकणे कसे तपासावे?

प्रश्न (परिचारिका, लातूर जिल्हा)

नमस्कार. आमच्या वृद्धाश्रमातील एका आजींना परवा मी "सातची गोळी घेतली का?" असे विचारले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आठ कुठं वाजले अजून?" त्यांच्या कागदांवर विस्मरणाची नोंद आहे; परंतु हा विसर आहे की ऐकण्यातला दोष, हे मला ठरवता येत नाही. "ऐकू येतं का?" असे विचारले तर बहुतेक जण "येतंय की माय" असेच सांगतात. सर्वांना शहरात नेणे शक्य नसल्यामुळे आश्रमातच प्राथमिक तपासणी कशी करावी?

उत्तर (श्रवणतज्ज्ञ, छत्रपती संभाजीनगर)

सिस्टर, तुमच्या उदाहरणातच बरेचसे उत्तर आहे. वाढत्या वयाचा बहिरेपणा आधी उंच पट्टीचे ध्वनी नेतो. स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि स्वर मात्र बराच काळ ऐकू येत राहतात, त्यामुळे "सात"मधला "स" गळला की उरलेल्या "आ"वरून मन "आठ" असा अंदाज बांधते. आवाज येतो, पण शब्द उमगत नाही. म्हणून आजींचे "येतंय की" हे उत्तर खोटे नसते, आणि म्हणूनच नुसते विचारणे पुरत नाही.

कुजबुज चाचणी करा. टीव्ही आणि पंखा बंद ठेवा, ओठ दिसू नयेत म्हणून ज्येष्ठांच्या मागे सुमारे 60 सेंटिमीटरवर उभे राहा आणि ज्या कानाची तपासणी नाही त्याच्या तोंडाशी असलेली पाळी बोटाने हलकेच दाबून चोळत राहा. श्वास पूर्ण सोडून तीन आकडे कुजबुजा. तिन्ही बरोबर आले नाहीत, तर वेगळे तीन आकडे सांगा. सहांपैकी निदान तीन बरोबर आले नाहीत, तर त्या कानाची ऑडिओमेट्री (यंत्राने केलेली श्रवणतपासणी) आवश्यक समजावी. दुसऱ्या कानासाठी आकडे बदला. ऑडिओमेट्रीत 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झ या पट्ट्यांवर जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाच्या पातळीची सरासरी काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गीकरणानुसार ती 20 डेसिबलच्या आत असल्यास श्रवण सामान्य मानले जाते.

उत्तर (निवृत्त वैद्यकीय अधिकारी, अंबाजोगाई)

त्याआधी कानात पाहा. या वयात मळ घट्ट बसलेला असणे फार सामान्य आहे आणि तो डॉक्टरांकडून काढून घेतल्याशिवाय चाचणीचा निष्कर्ष मांडणे म्हणजे त्या माणसावर अन्याय आहे; काडी किंवा हेअरपिन कोणालाही घालू देऊ नका. कान वाहत असेल किंवा एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा. एखाद-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी पाठवा. ज्यांच्याकडे श्रवणयंत्र आहे, त्यांच्या यंत्राची बॅटरी प्रथम तपासा. ज्यांना परवडत नाही, अशा पात्र ज्येष्ठांना 2017 पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत श्रवणयंत्र विनामूल्य मिळते.

आणखी एक विनंती. त्या आजींची स्मरणचाचणी झाली, तेव्हा त्यांना प्रश्न ऐकू आले होते का, हे कोणी पाहिले होते? ऐकण्याची सोय करून ती चाचणी पुन्हा घ्यावी.

प्रश्नकर्त्या

आपणा दोघांचे मनापासून आभार. आज डॉक्टरांनी पाहिले, तेव्हा आजींच्या दोन्ही कानांत मळ निघाला. तो काढल्यावरही कुजबुज चाचणीत उजव्या कानाला सहांपैकी दोनच आकडे कळले, डाव्याला चार. ऑडिओमेट्रीसाठी सोमवारी नेत आहोत आणि स्मरणाची नोंद तोपर्यंत "पुनर्तपासणी बाकी" अशी बदलून घेतली आहे.