व्हॅलहाईममध्ये तुम्ही कोणते बाण वापरता? धनुष्यवाल्यांनी अनुभव लिहा

मंडळी, मराठवाड्यातले व्हॅलहाईम (व्हायकिंगांचा व्हिडिओ गेम) खेळणारे इथं बरेच आहेत हे आता कळालंय, म्हणून हा धागा. गदा, तलवार, भाला यावर बोलून झालंय, आता धनुष्यावर बोलू. कोणत्या बायोमला (गेममधल्या प्रदेशाला) कोणते बाण, अंगावर काय, आणि कामून, तेवढं सांगा. आकड्यांचे तक्ते टाकू नका, ते सगळ्यांना सापडतात. तुमच्या हाताला काय बसलं ते लिहा.

सुरुवात मी करतो. माझं म्हणणं असंय की बाण डॅमेज बघून निवडायचा नसतो, पिसं बघून निवडायचा. साधा लाकडी बाण सोडला तर बाकीच्यांना 20 च्या गठ्ठ्यामागं 2 पिसं लागतातच. लाकूड काय कुठंही तोडा, लोखंडाचा एकच तुकडा पुरतो, पण पिसं संपली की सगळं अडतं. त्यामुळं समुद्रकाठी सीगल दिसला की मी आधी थांबतो, त्याला लाकडी बाण घालतो, पिसं उचलतो आणि मग पुढं. आमच्या ग्रुपातले काहीजण सिल्व्हरचे बाण पेटीत भरून ठेवतात, बॉसला (प्रदेशाच्या मोठ्या राक्षसाला) लागतील म्हणून. बॉस मरतो, पुढचे बायोम होतात, बाण तिथंच. मी म्हणतो जो बाण सोडताना हात आखडत नाही तो खरा कामाचा बाण. आता तुम्ही बोला.

नांदेडी_ट्रोल
दादा, मी एकदम सुरुवातीचं सांगतो कारण लोक तिथंच धनुष्य सोडून देतात. क्रूड बो (सगळ्यात साधं धनुष्य) घेतात, चार हरणं हुकतात, मग म्हणतात धनुष्य भंगार आहे. अरे फाइनवूड बो (चांगल्या लाकडाचं धनुष्य) होईपर्यंत तर थांबा. आणि त्याच्यासाठी ब्राँझच्या कुऱ्हाडीची वाट बघायची गरज नाही. मेडोज (सुरुवातीची कुरणं) आणि ब्लॅक फॉरेस्ट (काळं जंगल) यांच्या सीमेवर बर्चची झाडं बघून ठेवायची, आतून एक ट्रोल (मोठा राक्षस) मागं लावून आणायचा आणि त्या झाडांमधी गोल गोल फिरायचं. तो तुम्हाला मारायला सोटा फिरवतो अन् झाडं आडवी करतो, पडलेल्या ओंडक्यांवर पण त्याचाच सोटा बसला की फाइनवूड खाली पडतंय. धनुष्याला लागणारं कोअर वूड पाइनचं, ते साध्या कुऱ्हाडीनं तुटतं. काम झालं की मग त्याच ट्रोलला बाणांनी मारा, टोचणाऱ्या माराला ट्रोल कच्चाच आहे. फुकटात मजूर लावल्यासारखं आहे हे, वर कातडं पण तोच देतो.

बाण म्हणाल तर फ्लिंटचे (गारगोटीचे). नदीकाठी, तळ्याकाठी फ्लिंट पडलेलीच असती. फायर ॲरो मी फक्त एल्डरसाठी (ब्लॅक फॉरेस्टच्या बॉससाठी) करतो, त्याला 8 रेझिन (झाडाचा डिंक) लागतंय पण रेझिनचं काय, ग्रेडवार्फ (जंगलातले बुटके राक्षस) मारून मारून ढीग लागलेला असतो. एल्डर आगीला भितो म्हणा की, आग लागली की त्याचं रक्त झराझरा उतरतंय. त्याच्या वेदीभोवती दगडी खांब आहेत, एका खांबाआड राहायचं, त्यानं मुळं फेकली की आत, थांबला की बाहेर. बस.

परभणीकर
ट्रोलवाल्याला नमस्कार, हे मी करून बघणार.

माझा अनुभव नेमबाजीचा आहे, बाण कोणता ते नंतर. आमच्याकडं ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला पोरांना शेतात पाठवायचे, गोफण घेऊन. ज्यानं गोफण फिरवलीय त्याला व्हॅलहाईमचा बाण शिकवावा लागत नाही, दगड जसा वर जाऊन खाली येतो तसाच हा बाण खाली येतो, लांबच्या हरणाच्या डोक्याच्याही वर नेम धरावा लागतो. शहरातले मित्र बंदुकीच्या गेममधून आलेले, ते सरळ छातीवर नेम धरतात आणि बाण पायापाशी मातीत.

दुसरं, घाई. मधला गोल पूर्ण बारीक होईपर्यंत दोरी ओढली नाही तर बाण भलतीकडं जातो आणि डॅमेज पण अर्धवट. पण ओढून धरून बसलात तर स्टॅमिना (दम) गळतो. म्हणून धनुष्यवाल्यानं जेवण स्टॅमिनाचं करावं, मी तीनपैकी दोन घास स्टॅमिनाचे ठेवतो, क्वीन्स जॅम त्यात पहिला. रास्पबेरी आणि ब्लूबेरी येताजाता तोडत राहायच्या. अंगात जीव कमी राहतो हे खरंय, पण जवळ येऊ द्यायचंच कशाला?

आणि लपून बसून मारा. ज्याला तुम्ही दिसला नाहीत त्याला पहिला बाण तिप्पट लागतो. ट्रोलच्या कातड्याचं चिलखत पूर्ण घातलं की लपण्याचं स्किल वाढतं, म्हणून मी ब्राँझचं चिलखत बनवतच नाही, सगळं ब्राँझ हत्यारांना.

जालन्याचा_गदावाला
धागा धनुष्याचा आहे म्हणून शिव्या घालू नका, पण निस्तं धनुष्य घेऊन स्वॅम्पात (दलदलीत) जाणाऱ्याला मी रोज मेलेला बघतो. सांगाड्यांना बाण अर्धेच लागतात, ब्लॉबला (चिकट गोळ्याला) गदाच पाहिजे, आणि मेलं की सगळ्या स्किलचे 5 टक्के जातात. धनुष्याचं स्किल वाढलं तर दोरी पटकन ओढली जाते, आणि तुम्ही मरून मरून तेच कमी करता. धनुष्यवाल्याच्या पाठीला गदा असावीच, लोखंडाची.

उस्मानाबादची_ताई
गदावाले भाऊ बरोबर बोलले पण बोनमासचं (स्वॅम्पच्या बॉसचं) त्यांनी सांगितलं नाही. मी आणि माझा लहान भाऊ दोघंच खेळतो, तो पुढं गदा घेऊन, मी मागून. बोनमासला साधा बाण म्हणजे डोंगराला खडा. पण त्याला फ्रॉस्ट (गारठ्याचा मार) जबरदस्त लागतो. लोकांना वाटतं फ्रॉस्ट ॲरो माउंटनचे, म्हणजे बोनमासनंतरच. तसं काही नाही. चांदी शोधायला बोनमासचं विशबोन (जमिनीखालचं शोधून देणारं हाड) लागतं, पण ऑब्सिडियन तर वरच पडलेला असतो, काळा चकचकीत, आणि ड्रेक (उडणारे ड्रॅगन) आपणहून अंगावर येतात. थंडीचं मीड (थंडी बाधू न देणारं पेय) प्यायचं, वर जायचं, ऑब्सिडियन फोडायचा, ड्रेक पाडून फ्रीझ ग्लँड घ्यायच्या आणि लांडगे दिसायच्या आत खाली. 4 ऑब्सिडियन आणि 1 ग्लँड मध्ये 20 बाण होतात. मग भाऊ समोर गदा मारतोय आणि मी लांबून फ्रॉस्ट, बोनमास त्याच्याकडं वळलेला, माझ्याकडं बघतसुद्धा नाही. विषाचं मीड मात्र दोघांनी पण प्यायचं, धूर कुठवर येईल सांगता येत नाही.

विषाच्या बाणाबद्दल एक सांगते कारण फार जण फसतात. 26 टोचणारं आणि 52 विष, आकडा बघून लोक तेच एकामागं एक सोडत राहतात. विष एकावर एक चढत नाही. पहिलं विष अंगात असताना दुसरा बाण मारला तर विषाचा भाग जवळजवळ वाया. एक विषाचा मारायचा, मग ऑब्सिडियनचे मारत राहायचं, विष उतरलं की पुन्हा एक. लॉक्ससारखा मोठा जीव असेल तर हा हिशोब बसतो, बारक्या फुलिंगवर (प्लेन्समधल्या बुटक्यांवर) विष घालवू नका.

जालन्याचा_गदावाला
ताई, तुमचा भाऊ माझ्या जातीचा आहे 😄

बीड_बायपास
हंट्समन बो (लोखंड लागणारं धनुष्य) बनवू नका. हे मी ठासून सांगतो. 20 लोखंड जातं त्याला. लोखंड पोर्टलमधून (लांब क्षणात पोचवणाऱ्या दारातून) येत नाही, स्वॅम्पातल्या क्रिप्टमधून (तळघरातून) खणायचं, होडीत भरायचं, वाऱ्याची वाट बघायची, रस्त्यात सर्पाला तोंड द्यायचं, आणि इतकं करून फाइनवूडपेक्षा 10 डॅमेज जास्त. आवाज कमी होतो हे मान्य. पण तेच लोखंड गदेला, चिलखताला घाला आणि फाइनवूड बो वाढवत वाढवत डोंगर गाठा. तिथं ड्रॉगर फँग (चांदीचं धनुष्य). 20 चांदी, 10 गक (स्वॅम्पातला चिकट द्रव), प्राचीन झाडाची साल, हरणाचं कातडं. गक आणि साल स्वॅम्पात असतानाच पेटीत टाकून ठेवा, नाहीतर परत त्या चिखलात जावं लागतं.

आता सर्व्हरला सेटिंगमधून धातू पण पोर्टलमधून नेता येतो म्हणे, पण आमच्या ग्रुपात एक काका आहेत, ते म्हणतात मग खेळता कशाला. काकांमुळं आम्ही अजून बैलगाडी ओढल्यागत चांदी ओढतो. मागच्या वेळी गाडी उतारावर सुटली आणि बरोबर तेव्हाच आमच्याकडची लाईट गेली. परत आलो तर गाडी सापडली, खाली झाडात अडकलेली.

लातूरचा_दुष्काळ
बीडवाल्याशी सहमत नाही. हंट्समन हातात असला की ड्रॉगरांच्या (चालत्या प्रेतांच्या) गावात एकेकाला शांत मारता येतं, दुसऱ्याला पत्ता लागत नाही. ज्याला घाई नाही त्यानं बनवावं.

माझं बिल्ड (अंगावरचं सामान) सांगतो. रूटचं चिलखत. स्वॅम्पात ते झाडासारखं दिसणारं अबॉमिनेशन उठतंय ना, त्याला मारल्यावर रूट मिळतंय, त्याचं मास्क, छाती, पायातलं असं तिन्ही घातलं की धनुष्याचं स्किल 15 नी वाढतंय. आणि छातीचा भाग टोचणारा मार कमी लागू देतंय. म्हणजे बघा, प्लेन्समधी (माळरानात) जो डेथस्किटो (मोठा डास) सगळ्यांना एका दंशात झोपवतंय, त्याचा मार टोचणाराच. दिसायला लोखंडी चिलखतापेक्षा आकडा कमी आहे म्हणून लोक हसतात, मी हसू देतो. फक्त आगीला हे चिलखत कच्चं आहे, फुलिंगांचा शमन (मांत्रिक) आगीचा गोळा टाकतंय तर त्याला आधी पाडायचं, बाकी सगळं नंतर.

आणि डेथस्किटोला निडल ॲरो मारणारे महाभाग बघितले की माझं डोकं फिरतंय. त्याचा जीव 10 आहे, 10! लाकडी बाणानं मरतंय ते. निडल 62 चा बाण आहे, त्याच्या सुया त्याच डासाच्या, लाकूड पण लागत नाही, 4 सुया आणि 2 पिसं. लाकडी बाणानं डास मारा, सुया घ्या, त्याचे निडल करा आणि मग फुलिंगांच्या गावावर वापरा. बाण आणि धनुष्याचं डॅमेज एकत्र धरतात, फँगचं 47 आणि निडलचं 62, बारका फुलिंग लपून मारला तर जागेवर बसतो.

परभणीकर
डेथस्किटो लाकडी बाणानं मरतो हे मान्य, पण त्याला लागला पाहिजे ना राव. सरळ येईपर्यंत थांबायचं, आडवा उडताना बाण सोडूच नका.

हिंगोली_९८
मिस्टलँड्सचं (धुक्याच्या प्रदेशाचं) कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. तिथं धनुष्याची अर्धी मजा जाते, कारण लांबचं दिसतच नाही. विस्पलाइट (धुकं हटवणारा दिवा) घेतला तरी उजेड आपल्याभोवती थोडाच, आणि सीकर (मोठा किडा) त्या धुक्यातून उडत येतो तो थेट डोक्यावर. मी तिथं अर्बालेस्टवर (बोल्ट मारणाऱ्या यांत्रिक धनुष्यावर) आलो. एकट्या अर्बालेस्टचं डॅमेज 200 आहे, पण बोल्ट भरायला वेळ लागतो, तोवर पळत राहावं लागतं. माझी पद्धत अशी की अर्बालेस्ट आधीच भरून ठेवायचा, पहिला बोल्ट सीकरच्या तोंडावर, लगेच हत्यार बदलून स्पाइनस्नॅप धनुष्य आणि कॅरापेसचे (किड्याच्या कवचाचे) बाण. भरलेला अर्बालेस्ट पाठीला टाकला की पुन्हा भरावा लागतो, म्हणून पहिला बोल्ट सुटेपर्यंत तो हातातच ठेवायचा.

औरंगपुरा
पिसांचा प्रश्न मुळातून सोडवा की मंडळी. यग्लुथ (प्लेन्सचा बॉस) मारला की हॅल्डॉर (व्यापारी) अंडी विकायला काढतो, 1500 नाण्यांना एक. महाग वाटतं पण तोवर नाणी कुठं खर्च होतात? अंडं शेकोटीजवळ आणि छपराखाली ठेवायचं, आणि ढीग करून ठेवायचं नाही, एकेक वेगळं, नाहीतर उबत नाही. माझ्या आईनं स्क्रीन बघून विचारलं खुडूक कोंबडी कुठंय, तिला काय सांगावं. कोंबड्या वाढल्या की कापल्यावर मांस आणि पिसं दोन्ही. खायला दाणे टाकत राहा, पोरं करतात भराभर.

नांदेडी_ट्रोल
1500 ला अंडं? आमच्या आठवडी बाजारात गावरान कोंबडीच घेऊन या म्हणा त्याला.

औरंगपुरा
दोन घ्यावी लागतात, एकीची पिल्लं होत नाहीत. म्हणजे 3000.

बीड_बायपास
काका म्हणतात सीगल मारा.