गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) मोठा बंधारा आणि बोटी येणार म्हणतात, सातबारा नसलेल्यांनी काय करायचं?

गोदाकाठचा_भोई :
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा प्लीज. निफाड तालुक्यात नदीकाठी गाव आहे आमचं, मी सातपूरला कंपनीत आहे, सुट्टीला गावी जातो. मागच्या महिन्यात दोन जण दुर्बीण आणि स्टँड घेऊन काठाकाठाने माप घेत फिरले, दगडांवर लाल खुणा करून गेले. लोकांनी विचारलं तर म्हणाले मोठा बंधारा होणारे, बारमाही पाणी राहील आणि त्यावर बोटी चालतील, पर्यटन पण आणि माल पण. पंचायतीत विचारलं तर कागद एकही नाही. कोण म्हणतं कुंभमेळ्याचं काम आहे, कोण म्हणतं जलमार्गाचं. मी नेटवर बघितलं तर २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात १११ जलमार्ग आहेत आणि त्यातला ४ नंबरचा गोदावरीवर भद्राचलमपासून पार नाशिकपर्यंत धरलाय, ११८४ किलोमीटर, म्हणजे आपली गंगा कागदावर आधीच जलमार्ग आहे आणि आम्हाला काठावर राहून माहीत नाही.

आता माझा प्रश्न. आम्ही भोई, जमीन नाही. वडील चाळीस वर्षं झाली होडी आणि जाळं यावरच आहेत, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काठच्या गाळात काकडी, टरबूज लावतो, ती जागा पण सरकारीच. वरच्या अंगाला द्राक्षबागवाले आहेत त्यांना निदान सातबारा दाखवून मोबदला मागता येईल. वडिलांनी परवा जेवताना विचारलं, आपलं नाव कुठं लिहिलंय का रे? मला उत्तर देता आलं नाही. पाणी बारमाही अडवलं तर गाळ उघडाच पडणार नाही, आणि बोटी चालल्या तर जाळी कुठं टाकायची? विरोध करायचाय असं नाही, पण आधी काय विचारायचं, कुणाला विचारायचं, कोणता कागद मागायचा ते सांगा.

वकिलीण_कॉलेजरोड :
दादा, वडिलांना पहिलं हे सांगा की कायद्यात त्यांचं नाव आहे, अगदी शब्द आहे. २०१३ चा भूसंपादन आणि पुनर्वसनाचा कायदा, १ जानेवारी २०१४ पासून लागू, त्यात कलम ३ मध्ये बाधित कुटुंब कोण याची व्याख्या आहे. जमीनमालक तर आहेतच, पण शेतमजूर, कूळ, कारागीर ज्यांचं पोट तीन वर्षं आधीपासून त्या जागेवर चालतंय ते पण आहेत, आणि ज्यांचं पोट पाण्यावर किंवा जंगलावर आहे ते वेगळे लिहिलेत, त्यात मच्छीमार आणि नावाडी हे दोन शब्द स्पष्ट आहेत. दुसऱ्या अनुसूचीत सिंचन आणि जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयात बाधित कुटुंबांना मासेमारीचा हक्क देता येईल असं पण आहे. देता येईल असं लिहिलंय, द्यावाच असं नाही, त्यामुळे तो मागणी करून लेखी घ्यावा लागतो, नाहीतर बंधारा झाला की मासेमारीचा ठेका निघतो आणि तुमच्याच पाण्यात दुसरा कोणीतरी येऊन बसतो.

पण एक खाच आहे आणि ती मी मुद्दाम सांगते. ही सगळी व्याख्या भूसंपादनाला चिकटलेली आहे. उद्या कोणी म्हणालं की काम सगळं नदीपात्रात आहे, पात्र सरकारचं, एक गुंठाही संपादन नाही, तर हा कायदा लागूच होत नाही असं सांगितलं जाईल आणि तुमच्यासारखे लोक मोजलेच जाणार नाहीत. म्हणून पहिला प्रश्न लेखी हाच टाका, पात्राबाहेर किती जमीन जाणार, फुगवटा (अडवल्यामुळे मागे चढणारं पाणी) कुठपर्यंत, जेट्टी कुठं, तिथपर्यंत रस्ता कुठून. यातलं काहीही संपादनात आलं की तुम्हाला पाय ठेवायला जागा मिळते.

पर्यावरण मंजुरी लागते का ते बंधारा केवढा, किती क्षेत्र भिजवणार, वीज आहे का यावर ठरतं. लागत असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी आली. तिची नोटीस कमीत कमी ३० दिवस आधी पेपरात द्यावी लागते, त्यात एक मराठी पेपर हवाच, पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत हवा, आणि मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत वाचायला ठेवावा लागतो. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ लावतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ अधिकारी बसतो, व्हिडिओ होतो, शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवावं लागतं. किती माणसं आली याला किमान आकडा नाही, म्हणजे दहाच जण आले तरी सुनावणी झाली असं धरतात, तेव्हा वस्तीतल्या सगळ्यांना घेऊन जा आणि बोलायला भीती वाटत असेल तर लेखी द्या, पोच घ्या. आणि काम तुकड्यातुकड्यात दाखवलंय का ते बघा, बंधारा एका फाइलवर आणि बोटी दुसऱ्या फाइलवर असं असेल तर एकूण परिणाम कोणीच तपासत नाही.

निवृत्त_पाटबंधारे :
मी या खात्यात ३३ वर्षं काढली, आता मखमलाबादला असतो, पाण्याचं सांगतो. गंगापूर धरण पूर्ण भरलं तरी साडेपाच टीएमसीच्या (अब्ज घनफुटाच्या) आसपास, त्यावर नाशिक शहर पितं, एमआयडीसी चालते, शेतीचं आवर्तन सुटतं. आणि खाली पैठणला जायकवाडी धरण आहे. मराठवाड्याच्या हक्काचं पाणी हा वाद सगळ्यांना माहीत आहे, १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून सोडावं लागतं. आता बोट चालायची तर सगळ्यात लहान वर्गाच्या जलमार्गालाही साधारण सव्वा मीटर खोली कायम पाहिजे, उन्हाळ्यात सुद्धा. मार्चनंतर आपली गंगा तुम्ही बघितलीच आहे, मग हे सव्वा मीटर पाणी कुणाच्या वाट्यातून येणार, पिण्याच्या, शेतीच्या की पैठणच्या? हा प्रश्न सुनावणीत पहिल्या पाच मिनिटात विचारा आणि उत्तर आकड्यात मागा, महिन्यावार ताळेबंद.

दुसरं म्हणजे सलग बोट जायची तर प्रत्येक बंधाऱ्याला लॉक लागतं. लॉक म्हणजे दोन दारांमधला मोठा हौद, बोट आत घ्यायची, पाणी भरून किंवा सोडून तिला वरच्या नाहीतर खालच्या पातळीला आणायची. प्रत्येक खेपेला तेवढं पाणी खाली जातं. उत्तरेतल्या गंगा नदीवर फरक्क्याला असं लॉक आहे. नांदूरमधमेश्वरचा बंधारा इंग्रजांच्या काळातला, तिथून डावा उजवा कालवा निघतो, लॉक नाही, जायकवाडीला नाही. म्हणजे मालवाहतूक नाशिकहून खाली जाणार असं कोणी सांगत असेल तर मधली धरणं कशी ओलांडणार ते आधी सांगू दे. माझं प्रांजळ मत, इथं फार तर पर्यटनाच्या छोट्या बोटी होतील, आणि पर्यटनाच्या बोटीसाठी किती गावांचा फुगवटा सोसायचा ते लोकांनी ठरवावं.

फुगवट्याचं मी जीव तोडून सांगतो कारण ते नकाशावर नीट दिसत नाही. सायखेडा, चांदोरी २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाण्यात गेलं, २०१९ ला परत गेलं. तिथले लोक म्हणतात खाली नांदूरमधमेश्वरला गाळ साचलाय त्यामुळे पाणी मागे फुगतं. आता त्याच पट्ट्यात अजून एक अडवणूक आली तर पुराची निळी रेषा, लाल रेषा परत आखावी लागणार की नाही? आणि पाणी कायम उभं राहिलं तर काठच्या काळ्या जमिनी चिबडतात (पाणी धरून नापीक होतात), विहिरींचं पाणी वर येतं, द्राक्षाची मुळं कुजतात. ते बुडीत क्षेत्रात मोजत नाहीत कारण जमीन वरून कोरडी दिसते. म्हणून बागवाल्यांनी पण तुमच्यासोबत बसायला पाहिजे. गाळपेर जमीन कायमची पाण्याखाली जाणार हे तर उघड आहे, त्याची यादी आत्ताच करा.

पाणकोंबडी :
नांदूरमधमेश्वरला पंधरा वर्षं पक्षी बघायला जातोय. हे अभयारण्य महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, २०२० च्या जानेवारीत जाहीर झालं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ कलम २९ प्रमाणे अभयारण्यात येणारं किंवा बाहेर जाणारं पाणी वळवायला, थांबवायला, वाढवायला पण मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. वाढवायला सुद्धा, हे लक्षात ठेवा, कारण बारमाही पाणी म्हटलं की सगळ्यांना चांगलंच वाटतं पण बगळे, शराटी, चमचे हे पक्षी उथळ चिखलात चरतात, पाणी चार फूट झालं की त्यांचं ताट गेलं. तुमच्या टरबुजाचा गाळ आणि त्यांचा गाळ एकच आहे. इथं देवळाली मिनो नावाचा छोटा मासा नोंदलेला आहे, नाव आपल्या देवळालीवरून, अतिसंकटग्रस्त यादीत आहे. ड्रेजिंग झालं की तळ खरवडला जातो, असल्या माशाचं काय ते विचारा.

नाशिककर_पंचवटी :
सगळं ठीक आहे पण किती दिवस असंच चालणार, प्रकल्प आला की काहीतरी रोजगार येतो ना, बोट चालवायला पण गावातलीच माणसं लागतील. प्रत्येक गोष्टीला आधी आडवं जायचं का?

धडगाव_ते_नाशिक :
पंचवटीवाले दादा, आडवं जाण्याचं कोणी बोलत नाहीये, हा भाऊ कागद मागतोय. मी अक्राणी तालुक्यातला, आता नाशिकरोडला नोकरी. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणात महाराष्ट्राची ३३ गावं होती, सगळी अक्राणी आणि अक्कलकुव्याची. माझ्या आजोबांचं घर त्यातलंच. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा, जमिनीच्या बदल्यात जमीन, कमीत कमी दोन हेक्टर, कागदावर इतकं चांगलं लिहिलं होतं की आजही वाचलं तर बरं वाटतं. पण आमच्याकडे अर्ध्या जमिनी वहिवाटीच्या, नावावर नाहीत. मोजणीला माणूस आला त्या दिवशी जो घरी होता तो यादीत आला, जो मजुरीला गेला होता तो राहिला. आजोबांच्या धाकट्या भावाचं नाव यायला मग किती वर्षं हेलपाटे घातले ते मी लहानपणापासून बघितलंय.

जागतिक बँकेने त्या प्रकल्पाचं स्वतंत्र परीक्षण करून घेतलं, १९९२ ला अहवाल आला की पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हीचा अभ्यास नीट झाला नाही, आणि १९९३ ला उरलेलं कर्ज थांबलं. त्यानंतर बँकेने तपासणी पॅनेल काढलं, तिथं बाधित झालेले दोन माणसंही तक्रार देऊ शकतात. उत्तरेतल्या गंगेवरच्या वाराणसी हल्दिया जलमार्गाला बँकेचंच कर्ज आहे. म्हणून भाऊ, तुमच्याकडे पैसा कुणाचा आहे ते शोधा. बँकेचा असेल तर त्यांच्या नियमात जमिनीचा कागद नसलेल्याला पण मदत द्यावी लागते, फक्त कटऑफ तारखेच्या (बाधितांची यादी करायला ठरवलेल्या तारखेच्या) आधी तो तिथं होता हे दिसलं पाहिजे. राज्याचाच असेल तर ताईंनी सांगितलेला कायदा. त्यात आमच्यासारख्यांच्या अनुभवातून आलेलं एक कलम आहे, ३८, सिंचन किंवा जलविद्युतसाठी जमीन घेतली तर बुडायच्या सहा महिने आधी पुनर्वसन पूर्ण पाहिजे. आधी माणूस, मग पाणी. आमच्याकडे उलटं झालं.

आणि दादा, बोट चालवायला गावातलीच माणसं लागतील हे खरंय, पण ते करारात लिहून घ्या, तोंडी नको.

गोदाकाठचा_भोई :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वडिलांना सगळं वाचून दाखवलं, नावाडी हा शब्द कायद्यात आहे म्हटल्यावर दोनदा वाचायला लावला. वस्तीत २६ घरं आहेत, रविवारी बसलो, प्रत्येक घरात होडी किती, जाळी किती, गाळपेर कुठं ते वहीत लिहिलं, जाग्यावर उभं करून फोटो काढले. मच्छीमार सोसायटीच्या जुन्या पावत्या आईने ट्रंकेत ठेवलेल्या होत्या त्या निघाल्या, काही पावसात भिजून पुसट झाल्यात. एक शंका, पुसट पावत्या चालतात का? आणि माहिती अधिकाराचा अर्ज नक्की कुणाकडे टाकायचा?

वकिलीण_कॉलेजरोड :
पुसट असल्या तरी फेकू नका, आज लगेच स्कॅन करून ठेवा, आणि सोसायटीच्या ठेवणीतल्या नोंदवहीची प्रत मागा म्हणजे दोन्ही जुळतील. वहीवर सरपंच, तलाठी आणि शेजारच्या दोन बागायतदारांच्या सह्या घ्या, तुमच्या विरुद्ध ज्यांचं काही नाही अशांच्या. माहिती अधिकाराचे दोन अर्ज टाका, एक जिल्हाधिकारी कार्यालयात, एक जलसंपदाच्या विभागीय कार्यालयात. माप कुणाच्या आदेशाने घेतलं, तो आदेश, नकाशा आणि फुगवट्याची पातळी एवढंच मागा. ३० दिवसात उत्तर यायला पाहिजे. आणि येत्या ग्रामसभेत वही ठेवून ठराव घ्या, इतिवृत्तात २६ घरांची नावं वाचून घ्या, एकेक.

निवृत्त_पाटबंधारे :
त्या लाल खुणांचे फोटो काढलेत का? शेजारी पाण्याची आजची पातळी दिसेल असे काढा, पाऊस पडायच्या आत. ती खूण पाण्यापासून किती उंच आहे ते टेप लावून लिहून मला मेसेज करा, फुगवटा अंदाजे कुठपर्यंत येईल ते मी समोच्च नकाशावर (जमिनीची उंची दाखवणाऱ्या) काढून देतो.

गोदाकाठचा_भोई :
काका, शनिवारी सकाळी जातो. वडील होडी घेऊन येतायत, पाण्याच्या बाजूने माप घेऊ.