आत्याने तोंडी दिलेली जमीन, आता तिची मुलगी कोर्टात गेलीये

नमस्कार मंडळी, मार्गदर्शन हवंय. वडिलांच्या सख्ख्या आत्याने १९९६ साली तिच्या वाटणीचे ३० गुंठे वडिलांना देऊन टाकले, नवरा गेल्यावर ती आमच्याकडेच राहायची आणि तिचं दुखणंखुपणं सगळं आईनेच काढलं. कागद काही केला नाही, पोलीस पाटील आणि भावकीतल्या चार जणांसमोर बोलली की आजपासून हे रान तुझं. मग तलाठ्याकडे जबाब झाला, फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर वडिलांचं नाव लागलं. तेव्हापासून आम्हीच कसतोय, विहीर पाडली, मोटार बसवली. आत्या मागच्या वर्षी वारली, आता तिच्या मुलीने दिवाणी दावा लावलाय की बक्षीस वगैरे काही झालंच नाही, ताबा द्या. साक्षीदारांतला एकच जण हयात आहे. सातबारा आमच्या नावावर असताना घाबरायचं कारण आहे का?

बांधकरी: काही होत नाही दादा, एवढा जुना फेरफार आहे. त्या ताईंनी तेव्हाच हरकत का नाही घेतली? बिनधास्त राहा.

काळाकोट: कृपा करून बिनधास्त राहू नका. फेरफार महसुलाच्या कामापुरता असतो, त्याने मालकी मिळत नाही, सुप्रीम कोर्टाने हे कितीतरी वेळा सांगितलंय. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चं कलम १२३ बघा, जमिनीचं बक्षीस नोंदणीकृत दस्तानेच होतं, देणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार लागतात. म्हणजे फक्त तोंडी बक्षिसावर उभे राहिलात तर हराल, भावकीतले चारही जण येऊन बोलले तरी.

पण त्या तोंडी देण्याचा उपयोग दुसरीकडे आहे. तुमचा ताबा मालक म्हणून होता की आत्याच्या परवानगीने, इथेच हा दावा फिरणार. परवानगीचा ताबा कितीही वर्षं असला तरी प्रतिकूल, म्हणजे मूळ मालकाच्या हक्काविरुद्धचा, होत नाही. पण कायमचं देऊन टाकलं आणि घेणारा मालक म्हणून बसला, तर व्यवहार रद्दबातल असूनही १२ वर्षांनी हक्क मिळू शकतो (मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ६५). कलेक्टर ऑफ बॉम्बे विरुद्ध मुंबई महापालिका, १९५१ चा निकाल आहे, त्यात दिलेली जागा कायदेशीर पद्धतीने दिलेली नव्हती तरी एवढ्या वर्षांच्या ताब्याने पालिकेला हक्क मिळाला. तुमच्या बाबतीत आत्या हयात असतानाच १२ वर्षं उलटलीत. मात्र शाबीत करायची जबाबदारी तुमची, आणि ती एकत्र राहत होती म्हणून समोरचा वकील परवानगीच म्हणणार.

तहसीलच्या रेकॉर्डमधून त्या फेरफाराची आणि जबाबाची नक्कल काढा. त्यात कायमची दिली असं लिहिलंय की वहिवाटीला दिली, ते आधी वाचा. सोसायटीचं कर्ज वडिलांनी मालक म्हणून उचललं असेल तर सातबाऱ्यावरचा तो बोजा, पीकपाहणी, मोटारीचं वीज कनेक्शन, सगळं जमवा. कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, प्रतिकूल ताब्याचा मुद्दा स्पष्ट घ्यायला सांगा, नाहीतर नंतर पुरावा देऊन भागत नाही.

रानवारा: कौटुंबिक समझोता तोंडी चालतो ना? तसं म्हटलं तर?

काळाकोट: चालतो, सुप्रीम कोर्टाचा काले विरुद्ध डेप्युटी डायरेक्टर, १९७६ हा निकाल आहे. पण तिथे आपसात हक्काचा वाद तरी लागतो, इथे भाच्याचा त्या जमिनीवर आधी काय हक्क होता? नसलेला वाद उभा केला तर उलटतपासणीत उघडे पडाल.

समीर_भाई: आमच्या मुस्लिमांत तोंडी हिबा, म्हणजे बक्षीस, चालतो, त्याच कायद्याच्या कलम १२९ मुळे. पण देणं, स्वीकारणं आणि ताबा तिन्ही शाबीत करावं लागतं, आमच्या चाचांच्या केसमध्ये ताब्यावरच अडलं.

माहेरवाशीण: एक सांगते, राग मानू नका. त्या मुलीला आईने हे कधी सांगितलं होतं का? तुमच्या आईने सेवा केली हे खरंच, पण तिच्या बाजूने बघितलं तर आईची जमीन तिला न विचारता गेली. बोलून बघा, थोडं तिला देऊन मिटलं तर वर्षानुवर्षं तारखा करण्यापेक्षा बरं. लोकअदालतीत होतं.

प्रश्नकर्ता: ताई, आई पण हेच म्हणतेय. जबाबाची नक्कल या आठवड्यात मागवतो. हयात साक्षीदार खूप थकलेत, कोर्टात येणं अवघड आहे.

काळाकोट: मग वकिलांना आजच सांगा, आजारी साक्षीदाराचा जबाब कोर्ट कमिशनर घरी जाऊन घेऊ शकतो, त्यासाठी अर्ज द्यावा लागतो. हे काम पुढे ढकलू नका.