तुमचा पहिला ट्रोगडोर कुणी काढून दाखवला?

मंडळी, गेल्या आठवड्यात मीटिंग संपल्यावर ऑफिसच्या पांढऱ्या फळ्यावर मी सवयीने एक ‘एस’ काढला. त्याच्या बाजूने दुसरा एस, मग दात. नुकतीच रुजू झालेली मुलगी दारातूनच म्हणाली, “सर, ट्रोगडोर ना?” तिचा जन्म 2003चा. ट्रोगडोर हा कार्टूनमधला ड्रॅगनही त्याच वर्षीचा, जानेवारीतला! तिला तो तिच्या मामाने वहीत काढून दाखवला होता. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की आपल्यात असे किती जण असतील. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ‘होमस्टार रनर’ हे अमेरिकेतल्या अटलांटाच्या माइक आणि मॅट चॅपमन या भावांचं वेब-कार्टून, 2000 सालापासूनचं. त्यातला स्ट्राँग बॅड, म्हणजे मुखवटेवाला पहिलवान, हातातले बॉक्सिंग ग्लोव्हज न काढता लोकांच्या ईमेलना उत्तरं देतो. एक ईमेल म्हणजे एक भाग. 57व्या ईमेलमध्ये तो स्वतःला जपानी कार्टूनच्या साच्यात बसवतो. निळे केस, भलेमोठे बूट, मिटलं की टिकलीएवढं आणि उघडलं की अख्खा चेहरा व्यापणारं तोंड. हा स्टिंकोमन. लगेच पुढच्या, 58व्या ईमेलमध्ये तो ड्रॅगन काढायला शिकवतो आणि ट्रोगडोर जन्माला येतो. पुढे स्टिंकोमनचं 20एक्स6 नावाचं वेगळं जगच तयार झालं आणि तिथे ट्रोगडोरचा अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टूनच्या शैलीतला, अवतार आला, ट्रोगाडोर.

तुमची ओळख कशी झाली? सविस्तर लिहा.

———

2003चा फेब्रुवारी. मी अमेरिकेत एमएस करत होते, पहिलाच हिवाळा. घराची इतकी आठवण यायची की रविवारी फोन ठेवला की तासभर कुणाशी बोलवत नसे. लॅबमधल्या एका मुलाने न विचारताच खुर्ची ओढून मला त्याच्या मॉनिटरसमोर बसवलं आणि तो ईमेल लावला. निम्मे शब्द कळले नाहीत. पण शेवटी गिटार सुरू होते आणि तो ड्रॅगन गवताची छपरं असलेली खेडुतांची घरं जाळत सुटतो, तिथे मी मोठ्याने हसले. त्या देशात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसस्टॉपकडे जाताना एका गाडीच्या काचेवर दव गोठून पांढरा थर बसलेला दिसला. हातमोजा काढून बोटाने एस काढला. बोट बधिर झालं, पण ड्रॅगन त्याच्या पहिलवानी दंडासकट पुरा केला. आमच्या लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी तो शिकवून मगच पदवी घेऊन बाहेर पडले.

———

नागपूर. सायबर कॅफे, तासाला 20 रुपये. कॉलेजच्या अर्जाची प्रिंट काढायला गेलो होतो, शेजारच्या पीसीवर हा ड्रॅगन चालू. अर्ज राहिला, 20 रुपये त्यातच गेले. आजही वाईट वाटत नाही.

———

मी अ‍ॅनिमेशनमध्ये काम करतो, म्हणून थोडं कामाच्या बाजूने लिहितो.

वरच्या कॅफेवाल्या दादांच्या पीसीवर तो चालला याला कारण आहे. ही कार्टून्स फ्लॅश नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनायची आणि त्यात रेषा ठिपक्यांनी नाही, गणिताने साठवतात: इथून सुरू, इतका बाक, तिथे संपली. त्यामुळे अख्खं कार्टून फोटोंच्या एका अल्बमपेक्षा हलकं व्हायचं आणि त्या काळच्या रडतखडत चालणाऱ्या जोडणीवरही उतरायचं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जपानमध्ये 1963 साली ओसामू तेझुकांनी ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ टीव्हीसाठी केलं, तेव्हा दर आठवड्याला एक भाग पुरा करायला पैसा आणि माणसं दोन्ही अपुरी होती. मग सेकंदाला 24 चित्रांऐवजी आठ, कधी त्याहून कमी. पात्र स्थिर, फक्त ओठ हलतात. मागे रेघा पळवल्या की वेग दिसतो. चॅपमन बंधूंनीही तेच केलं. तोंडाची मोजकी चित्रं आलटूनपालटून वापरायची, चित्र थांबवायचं, सगळा जोर आवाजावर. म्हणून त्यांची अ‍ॅनिमेची नक्कल इतकी अचूक बसते. अडचण दोघांची सारखीच होती. वरवर बघून टवाळी करणाऱ्याला ते उघडणारं तोंड कधी जमलं नसतं. त्यासाठी ती कार्टून्स जमिनीवर मांडी घालून, डोळे फाडून बघितलेली असावी लागतात.

शिकाऊ मुलांना मी पहिल्या दिवशी 57 आणि 58 लागोपाठ दाखवतो.

———

माझा अनुभव ट्रोगाडोरचा आहे.

2005 साली ठाण्याच्या घरात दादा आणि मी ‘स्टिंकोमन 20एक्स6’ खेळायचो. जुन्या जपानी व्हिडिओ गेमच्या धर्तीवरचा, उड्या मारत गोळ्या झाडत पुढे जायचं. टप्पे एकेक करून यायचे. नऊ झाले. दहावा येणार म्हणून आम्ही रोज शाळेतून आल्यावर बघायचो. मग आठवड्यातून एकदा, मग दिवाळीला वगैरे. दादा इंजिनिअर झाला, जर्मनीला गेला.

2020च्या डिसेंबरात त्याचा मेसेज आला: “दहावा आला.” एवढंच. त्या वर्षाअखेर फ्लॅशच बंद होणार होतं आणि त्याआधी, पंधरा वर्षांनी, त्यांनी तो गेम पुरा केला. दादा त्या वर्षी येऊ शकला नव्हता. आजीच्या वेळीही नाही. आम्ही व्हिडिओ कॉल लावून दोन्हीकडे तो टप्पा उघडला. रात्रीचे दोन वाजले असतील. ट्रोगाडोर समोर आला तेव्हा दादा एकदम गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “चिमे, तू आधी.” लहानपणी कीबोर्डचा पहिला हक्क नेहमी त्याचा असायचा.

12 जानेवारी 2021ला फ्लॅश प्लेअरने हे सगळं चालवणं थांबवलं. आता त्यांच्या संकेतस्थळावर रफल नावाच्या प्रणालीमुळे ते पुन्हा चालतं. माझ्या भाच्याने परवाच पहिला टप्पा पार केला.

———

ताई, तुमचं वाचून डोळे भरून आले. आमच्या घरी 2018 साली किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आधीच पैसे जमवणाऱ्या संकेतस्थळावर, आलेला ट्रोगडोरचा बोर्ड गेम आहे. नवऱ्याने तेव्हा पैसे भरून ठेवले होते. गणपतीत पाहुणे जमले की तोच निघतो.

———

मी प्राथमिक शाळेत शिकवते. हा ड्रॅगन मला माझ्या मुलाकडून मिळाला, तो आता बंगळूरला असतो.

दुसरीच्या वर्गात पावसामुळे निम्मीच मुलं आली होती. म्हटलं, चला, ड्रॅगन काढू. इंग्रजी एस सगळ्यांना सारखा येत नव्हता. मग मी फळ्यावर “अरेऽऽ” लिहिलं आणि त्यातला अवग्रह मोठा केला. ऽ. तो सगळ्यांना जमला. त्याच्या पोटाशी दुसरा, थोडा वेगळा. तोंडाकडे दोन्ही जोडा. दातांना मुलं म्हणाली, “करवत!” पाठीवरही करवत. मग रागावलेल्या भुवया. शेवटी पहिलवानाचा दंड.

मागच्या बाकावरची एक मुलगी खडू घेऊन थांबली. दंड कुठे लावायचा ते ठरत नव्हतं. मी म्हटलं, तुला वाटेल तिथे. तिने तो पाठीच्या बरोबर मधोमध लावला आणि हातात छत्री दिली.

फोटो मुलाला पाठवलाय. त्याने तो डेस्कवर लावलाय.