जुन्या स्विचसाठी मशीनमधलंच टेलनेट पुरे, वेगळं सॉफ्टवेअर कशाला?

रबाळेकर:
रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं नेटवर्क बघतो. तिथल्या जुन्या स्विचला (नेटवर्कच्या तारा जोडणारी पेटी) टेलनेटशिवाय, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या जुन्या, सगळं उघडं पाठवणाऱ्या पद्धतीशिवाय, काही कळत नाही. परवा आमच्या नव्या पोराने कुठल्याशा साइटवरून टर्मिनलचं सॉफ्टवेअर उतरवून कामाच्या लॅपटॉपवर टाकलं. माझा याला सक्त विरोध आहे. विंडोजमध्ये टेलनेट क्लायंट आहेच, व्हिस्टापासून तो बंद ठेवलेला असतो इतकंच. विंडोज फीचर्समध्ये टिक करायची, झालं काम.

वागळे इस्टेट:
पटलं नाही. एकदा टिक केली की ती कायमची राहते आणि माणसं निवांत होतात. त्या लॅपटॉपवर वायरशार्क (नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून लॉगिन करून बघाच. युजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसेल, कारण स्विच ते परत पाठवतो. पासवर्ड परत पाठवत नाही, म्हणून तो एकेरी, स्वच्छ वाचता येतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्याच दिवशी टेलनेट सोडलं.

रबाळेकर:
दादा, पण बाहेरचं सॉफ्टवेअर वापरलं तरी पासवर्ड तसाच उघडा जाणार ना? खोट टेलनेटमध्येच आहे.

कळवा नाका:
मॅकवर तर तेही नाही, २०१७च्या हाय सिएरापासून ॲपलने टेलनेट काढलंय. पोर्ट (जोडणीचं दार) उघडं आहे का एवढं बघायला एनसी ही कमांड पुरते. आमच्या स्विचला एसएसएच (टेलनेटसारखंच, पण सांकेतिक केलेलं लॉगिन) येतं, पण जुनं, ओपनएसएसएच या एसएसएच सॉफ्टवेअरच्या ७.०पासून डिफी-हेलमन ग्रुप १ ही गुप्त किल्ली ठरवायची जुनी पद्धत मुळातच बंद असल्याने जोडणी नाकारली जाते. कॉन्फिग फाइलमध्ये फक्त त्या स्विचच्या होस्टखाली (त्या मशीनच्या नोंदीखाली) परवानगी दिली, चालतंय. सगळ्या होस्टना मात्र देऊ नका.

वागळे इस्टेट:
किती दिवस चालेल? डीएसए ही जुन्या प्रकारची किल्ली तर ओपनएसएसएचने २०२५मध्ये १०.० आवृत्तीतून पूर्णच काढली. अंगभूत साधनाच्या भरवशावर बसलात तर एखाद्या अपडेटनंतर दार बंद, तेही नेमकं कारखान्यातली लाइन थांबलेली असताना. त्यापेक्षा कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी तार) लावा. नेटवर्कवरून काही जातच नाही.

रबाळेकर:
केबल बॅगेत असतेच. पण आमचं पॅनेल शेडच्या माळ्यावर आहे, शिडीशिवाय हात पोचत नाही आणि पावसात पायऱ्या ओल्या असतात. दर वेळी पोराला वर चढवणार नाही मी. त्या स्विचचं मॅनेजमेंट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कचा वेगळा काढलेला भाग) टाकलंय, टेलनेट एकाच मशीनवरून चालतं.

वागळे इस्टेट:
मग त्या मशीनचा पासवर्ड आणि स्विचचा पासवर्ड एकच नाही ना, तेवढं आज बघा.