मदत हवी आहे: पिच डेक (इन्व्हेस्टरला दाखवायचं प्रेझेंटेशन) २२ स्लाइडचं झालंय, काय उडवू?
मंडळी, पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच इन्व्हेस्टरसमोर बसायचंय. गाय कावासाकी या अमेरिकन इन्व्हेस्टरचा १०-२०-३० चा नियम माहितीये, १० स्लाइड, २० मिनिटं, ३० पॉइंटचा फॉन्ट, पण आमचं घोडं मार्केट साइजवरच अडतंय. काल मित्रासमोर बोलून बघितलं तर आम्ही कुठला प्रॉब्लेम सोडवतोय ते सांगण्यातच ९ मिनिटं गेली आणि तो बिचारा शेवटी विचारतो, "पण तुम्हाला पैसे देणार कोण?" गप्पच झालो. टॅम-सॅम-सॉमची (एकूण मार्केट, त्यातलं आपण पोचू शकतो ते, आणि खरंच हाती लागेल ते) ती तीन वर्तुळं ठेवू की सरळ गिऱ्हाईकं गुणिले वर्षाची फी असं खालून वर मांडू? आणि विक्री अजून शून्य, नुसते ४० जण ट्रायलवर आहेत, त्यातले ११ रोज वापरतात, हे ट्रॅक्शन (धंदा पकड घेतोय याचा पुरावा) म्हणून दाखवलं तर हसतील का? ज्यांनी खरंच पिच केलंय त्यांनी सांगा ना प्लीज.